शिडीवाल्याची हजेरी

बंबखान्यातले सगळेच तिला वहिनी म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले ड्रायव्हर म्हणत आणि कालपरवा भरती झालेले जवानही म्हणत. एवढ्या दिरांची भावजय होणं काही खायचं काम नाही, असं ती हसून म्हणायची. कुणाचं बटण तुटलं की तिच्याकडे, कुणाचं बायकोशी बिनसलं की तेही तिच्याकडेच.

तिचं काम शिवणाचं. पण नाजूक कापडांचं नव्हे. पाण्याचे जाडजूड कॅनव्हासचे होज, ठिणग्यांनी भोकं पडलेले कोट, तळहाताशी फाटलेले मोजे. आगीवरून आलेले होज धुऊन उंच मनोऱ्यात टांगले जात. ते वाळले की तिच्या खोलीत येत आणि ती जमिनीवर बसून एकेक होज टोकापासून टोकापर्यंत बोटांखालून सरकवी. डोळे बहुधा खिडकीबाहेर असत. मध्येच बोट थांबे, आणि तिथे ठिगळ बसे.

हे तिला माहेराहून आलेलं. वडिलांचं ताडपत्र्यांचं दुकान होतं. तिथेच एक उंच, कानशिलाशी भाजल्याची खूण असलेला बंबवाला ताडपत्री घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन आला, म्हणे टाका उसवलाय. टाका घालून दिला, तर पुन्हा परत. वडिलांनी ताडपत्री उलटीसुलटी करून पाहिली आणि मुलीला म्हणाले, "कापडात खोट नाही. खोट गिऱ्हाइकात आहे. तूच बघ काय ते." तिने बघितलं, आणि लग्न होऊन बंबखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली.

नवरा शिडीवाला होता. बंबावरची शिडी उतरवायची, लावायची, आणि तिच्यावरून पहिल्याने चढायचं, हे त्याचं काम. घरात मात्र तो स्टुलावर चढून दिवाही बदलत नसे. "दिवसभर तेच करतो, आता तू चढ," म्हणायचा. सासूबाई यावर म्हणत, "बघा, आयत्या शिडीवाल्याची बायको झाली आणि स्टूल तिच्याच नशिबी."

तो गेला त्या दिवशी एका कापडाच्या गोदामाला आग लागली होती. वरच्या मजल्यावर पहारेकरी अडकला होता. गावातली लांब शिडीची गाडी नदीपलीकडच्या बंबखान्यात असे, कारण या बंबखान्याचं दार ठेंगणं आणि शेड आखूड. ती गाडी इथे मावतच नव्हती. इथली शिडी खिडकीपर्यंत पोचली नाही. शेवटच्या पायरीवरून त्याने खिडकीची चौकट धरली, अंग वर ओढलं, पहारेकऱ्याला दोन्ही हातांनी खाली सोडून त्याचे पाय शिडीवर टेकवून दिले. पहारेकरी उतरला. वरून उतरायची पाळी याची आली तेव्हा छप्पर बसलं. लांब शिडी आली ती सगळं निवल्यावर. आखूड शिडी बाकीच्यांनी खांद्यावर घालून परत आणली.

मग नवऱ्याच्या जागी नाही, पण नवऱ्याच्या बंबखान्यात तिला शिवणाचं काम मिळालं, आणि त्या दोन खोल्या तिच्याकडेच राहिल्या. सासूबाईंची खाट ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडे बंबाची शेड. एकाच विटेची भिंत. पलीकडे कुणी शिंकलं तरी सासूबाई इकडून "शंभर वर्षं जग" म्हणत.

या बंबखान्याची हजेरीची एक पद्धत होती, दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. आगीच्या वर्दीवरून परत आले की जवान शेडमधल्या दगडी फरशीवर रांगेत उभे राहत आणि जो तो आपल्या हत्याराचं नाव घेऊन हजेरी देई. "पंप!" "होज!" "कुऱ्हाड!" शिडीवाला तेवढा तोंडाने बोलत नसे. तो शिडीचे पाय फरशीवर आपटी. ठक्-ठक. शिडी खांद्यावरून आणताना छातीत दम उरत नाही, म्हणून हे सुरू झालं असं जुने लोक सांगत. त्यानंतर "दिवा!" आणि मग प्रमुख म्हणत, "सगळे आले." त्याआधी कुणी कोटाचं बटणसुद्धा सैल करायचं नाही.

शिडीवाला गेल्यावर नव्या शिडीवाल्याने रांगेच्या सुरुवातीला उभं राहून तोंडाने "शिडी!" म्हणायला सुरुवात केली. 'कुऱ्हाड' आणि 'दिवा' यांच्या मधली जुनी जागा मोकळी राहिली. कुणी हुकूम काढला नव्हता. कुऱ्हाडवाला ओरडे, मग थोडा वेळ सगळे गप्प, मग दिवेवाला. भिंतीअलीकडे बसून वहिनी ती शांतता ऐके आणि तिचा ऊर भरून येई. माणसं आपल्या माणसाचा मान ठेवतात, असं तिला वाटे.

सासूबाईंना मात्र वेगळंच वाटे. ती शांतता संपता संपता त्या खाटेवर कूस बदलत आणि म्हणत, "आला गं."

पहिल्या वेळी वहिनीच्या अंगावर काटा आला. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण म्हातारीचा सुकलेला चेहरा असा काही सैलावला होता, की नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. ती म्हणाली, "हो, आले." आणि तेव्हापासून प्रत्येक वर्दीनंतर ती "हो, आले" म्हणत राहिली, होजमधली सुई न थांबवता, सवयीने, कधी कधी तर म्हातारीच्या बोलण्याची वाटही न बघता.

अशी बरीच वर्षं गेली. मग नगरपालिकेची नोटीस आली.

बंबखाना वाढवायचा घाट घातला होता. पुढचं दार उंच करायचं, मागची भिंत पाडून दोन खोल्या शेडमध्ये घ्यायच्या, आणि त्या जागेत लांब शिडीची नवी गाडी ठेवायची. खोल्यांत राहणाऱ्यांना रस्त्यापलीकडे नवं घर. समिती जागेवर येऊन पाहणी करणार आणि राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकणार. म्हणणं विरुद्ध गेलं तर ती गाडी नदीपलीकडे जाणार.

प्रमुखांनी नोटीस स्वतः आणून दिली. ते नवऱ्याचे जोडीदार. ती त्यांना भावोजी म्हणे.

"वहिनी, मी काही सांगणार नाही," ते दारातूनच म्हणाले. "तुमचा शब्द तो तुमचा. आम्ही कुणी वाकडं बोलणार नाही."

"भावोजी, शिडी यायलाच हवी. ते तुम्ही मला सांगायला हवंय का?"

प्रमुखांनी खाटेकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "मला हलवायचं तर खाटेसकट हलवा. आणि खाट हलवायची तर भिंतीसकट."

"आई, नवं घर छान आहे. ऊन येतं."

"उन्हाला काय चाटू? तो इथे येतो."

यावर प्रमुख काहीतरी चेष्टा करतील असं वहिनीला वाटलं. म्हातारीची चेष्टा ते नेहमी करत. पण ते मान खाली घालून निघून गेले.

पुढचे दिवस वहिनीने काढले ते धड जेवण नाही, धड झोप नाही असे. संमती द्यावी तर म्हातारीचा लेक दुसऱ्यांदा जाणार. नकार द्यावा तर उद्या कुणा दुसरीचा नवरा आखूड शिडीच्या टोकावर उभा राहणार.

समिती दुपारी आली. अध्यक्षबाई होत्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, सगळीकडे हात लावून बघणाऱ्या. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनियर, आणि टिपण घेणारा कारकून. इंजिनियरने दाराची उंची मोजली, शेडची लांबी मोजली, मनोऱ्यात डोकावून टांगलेले होज पाहिले आणि दचकून मागे सरकला. अर्ध्या उजेडात ते लांबट पांढरे होज खरंच माणसं टांगल्यासारखे दिसत.

"घाबरू नका साहेब," पंपवाला म्हणाला, "वाळायला घातलेत. पगारवाढ मागणारे दुसरीकडे टांगतो."

अध्यक्षबाई हसल्या. मग म्हणाल्या, जागा किती अडचणीची आहे ते वापरात बघायचंय; खोटी वर्दी घ्या. घंटा झाली. बंब अंगणाला वळसा घालून परत शेडमध्ये शिरला, आरसे आत दुमडून, भिंतीला घासत घासत. जवान उतरले. एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून रांगेत उभे राहिले. वहिनी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. तिथून रांग दिसत होती.

"शिडी!" "पंप!" "होज!" "कुऱ्हाड!"

शांतता. नंतर "दिवा!" आणि प्रमुखांचं "सगळे आले."

मागून, खोलीतून, बारीक आवाज आला, "आला गं."

इंजिनियरने मान वळवून बंबाकडे पाहिलं. शिडी बंबावरच होती, पट्ट्यांनी आवळलेली. "एक विचारू?" तो म्हणाला. "शिडी तर उतरवलीच नाही. मग ठोकलं कुणी?"

जवानांनी माना खाली घातल्या. पंपवाल्याची तर जीभ कधी आत राहायची नाही, पण तोही बुटांकडे बघत उभा राहिला. अध्यक्षबाईंनी हळूच आपला हात बंबावरून काढून घेतला. ऐकलं नाही असं म्हणणारा एकही चेहरा त्या शेडमध्ये नव्हता. एक वहिनी सोडून.

समितीला चहा द्यायला लोक पांगले तशी ती प्रमुखांच्या मागोमाग मनोऱ्यात गेली.

"भावोजी, कधीपासून?"

प्रमुखांनी टांगलेल्या एका होजला धरलं. तो हलत नव्हता, तरी धरलं. "आम्ही गोदामावरून परत आलो ना, त्याच हजेरीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला?" त्यांना खरंच कळेना. "वहिनी, तुम्हीच तर दर वेळी 'आले' म्हणता. भिंतीतून येतो आम्हाला तुमचा आवाज. आम्हाला वाटायचं, घरच्यांना माहीत आहे, मग आपण कशाला तोंड उघडायचं."

"ते मी आईंसाठी म्हणते हो."

वर कुठेतरी होजमधून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही जागा सोडता ती त्यांच्या मानासाठी, असं मला वाटायचं," ती म्हणाली.

"जागा आम्ही सोडत नाही, वहिनी. एकदा दिवेवाल्याने घाई केली होती, मध्ये थांबला नाही. तर त्याच्या आवाजावरच ठोका पडला. नंतर बरेच दिवस तो तोतरा बोलत होता." त्यांनी कपाळ पुसलं. "ती जागा रिकामी नाही. म्हणून आम्ही थांबतो."

ती खोलीत आली. सासूबाई उशी पाठीशी घेऊन बसल्या होत्या.

"आई, मला काही सांगायचंय. मला ते कधीच ऐकू आलं नाही. एकदाही नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"तू 'आले' म्हणतेस ते फार लवकर. कधी कधी त्याने ठोकायच्याही आधी." म्हातारीने तिला जवळ बसवलं. "मी म्हटलं, सूनबाई माझ्यासाठी खोटं बोलतेय, बोलू दे. तेवढंच गोड वाटतं."

वहिनीला हसू आलं आणि रडूही आलं. "पण मलाच का नाही? मी काय परकी?"

"आता ते मला काय ठाऊक. नवरा तुझा." सासूबाईंनी भिंतीवर हात ठेवला. "पण एक सांगते. तो नुसती हजेरी देतो. घरात येत नाही. इतकी वर्षं या दाराकडे बघतेय मी, एकदा पाऊल वाजलं नाही. हजेरी दिलेला माणूस कोट काढून घरी नको यायला? तो उतरलेलाच नाही गं अजून."

बाहेरून कारकुनाने हाक मारली.

"मी काय सांगू त्यांना?" वहिनीने विचारलं.

"तुला सुचेल ते सांग. भिंत गेली तर जाऊ दे. पण त्याला तिथे वर टांगता ठेवून मला रस्त्यापलीकडे नेऊ नकोस."

शेडमध्ये टेबल मांडलं होतं. अध्यक्षबाईंनी तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. रांगेतले सगळे दीर दाराशी येऊन थांबले होते.

"आमची हरकत नाही," ती म्हणाली. "खोल्या घ्या, भिंत पाडा. फक्त एक मागणं आहे. आधी शिडी येऊ दे, मग भिंत पडू दे. गाडी आणून अंगणात लावा, शिडी पुरती वर चढवा, आणि ती तशी उभी असताना एकदा हजेरी घ्या."

इंजिनियर म्हणाला, "बाई, गाडी आधी आणून उघड्यावर ठेवायची, म्हणजे..." अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो थांबला.

कारकुनाने विचारलं, "मागणीचं कारण काय लिहू?"

"कारण लिहू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मागणी मान्य, एवढंच लिहा."

गाडी आली तेव्हा वहिनीचं सामान बांधून झालं होतं. खाट तेवढी भिंतीशी होती. सासूबाईंना खुर्चीवर बसवून जवानांनी अंगणात आणलं. कित्येक दिवसांनी त्यांनी आभाळ पाहिलं आणि "फार मोठं केलंय" अशी तक्रार केली. लाल गाडी अंगण व्यापून उभी होती. प्रमुखांनी कळ ओढली. शिडी एकातून एक निघत वर गेली, मनोऱ्याच्या वर गेली, आणि कशालाही न टेकता तिथे उभी राहिली. मग इंजिन बंद केलं. वारा अजिबात नव्हता.

वहिनी गाडीवर चढून शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली. कुणी तिला अडवलं नाही. तिने सर्वांत खालच्या पायरीवर तळहात ठेवला. लोखंड गार होतं.

जवान फरशी सोडून अंगणातच रांगेत उभे राहिले. "शिडी!" "पंप!" "होज!" "कुऱ्हाड!"

सगळे थांबले. वहिनीने डोळे मिटले. पुष्कळ वेळ गेला. तिने डोळे उघडले तेव्हा जवान एकमेकांकडे बघत होते आणि दिवेवाल्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. सासूबाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या.

"ठोकलं नाही गं," त्या म्हणाल्या. "आज ठोकलंच नाही त्याने."

तेवढ्यात वहिनीच्या हाताखालची पायरी हलली.

अगदी किंचित. जुन्या होजमधली चीर जाणवावी तेवढीच. वर, फार वर, शिडीवर कुणाचा तरी भार आला होता. मग पुन्हा एकदा, थोडं खालून. मग आणखी खालून. जड बुटांनी, पाय चुकू नये म्हणून एकेक पायरी चाचपत, दमलेला माणूस उतरतो तसं. तिने वर पाहिलं. शिडीवर कुणी नव्हतं. पण पायऱ्या वरून खालपर्यंत एकामागून एक भार घेत होत्या आणि सोडत होत्या, आणि ते तिच्या हाताशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

ती ओरडली नाही. आपण ओरडलो तर तो बिचकेल, पाय निसटेल, असंच तिच्या मनात आलं. ती हलक्या आवाजात, घरात बोलावं तसं बोलली. "सावकाश उतरा. घाई नाही काही. पुरतेय शिडी."

भार तिच्या डोक्याच्या उंचीपर्यंत आला. मग खांद्याच्या. तिला एकदम जळक्या कापडाचा वास आला, इतक्या जवळून, की ती तोंड फिरवून घेणार होती. तिने फिरवलं नाही. शेवटच्या पायरीपाशी सगळं थांबलं. तिचा हात त्याच पायरीवर होता. तिथे दुसरं काही टेकायला जागाच नव्हती.

तिने हात काढून घेतला आणि बाजूला सरकली.

गाडीच्या पत्र्यावर काही वाजलं नाही. अंगणातली धूळही हलली नाही. दिवेवाला घसा खाकरून "दिवा" म्हणाला, अगदी हळू, आणि त्याच्या बोलण्यावर कुठलाही ठोका पडला नाही. प्रमुखांनी "सगळे आले" म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द त्यांना एका दमात म्हणता आले नाहीत.

वहिनी गाडीवरून उतरली. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या शेजारी, तिच्या खांद्याच्या जरा वर बघत होत्या, आणि नाक आक्रसत होत्या.

"किती काळं करून घेतलंस हे," त्या म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? नव्या घरात जा पुढे आणि पाणी तापव. धुराने माखलाय नुसता."

पंपवाल्याने आपली टोपी काढली. बाकीच्यांनी रस्त्यापर्यंत वाट करून दिली, एकीला लागते त्याहून रुंद. वहिनी त्या वाटेने चालू लागली, अंगाच्या एका बाजूला थोडी जागा सोडून, आणि नव्या घराचं दार उघडल्यावर लगेच आत शिरली नाही. आधी ती बाजूला उभी राहिली.